कडेचा रंग का सुटला?

पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटची कड मी नखाने खरवडली आणि रंगाची अख्खी पट्टी केळीच्या सालीसारखी सुटून हातात आली. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या शेडमधून हायड्रॉलिक पॉवर पॅकचे स्टँड आणि ब्रॅकेट जातात. ही खेप कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकाला गेली होती, आणि निप्पाणीमार्गे जशी गेली तशीच परत आली. टेंपोचं भाडं दोन्ही वेळचं माझ्या डोक्यावर.

पहिल्यांदा मी कोटिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मग नीट पाहिलं. सपाट भागावर रंग इतका पक्का की चाकूने निघेना. सुटत होता तो फक्त कापलेल्या कडेला. सुटलेली पट्टी उलटी करून उन्हात धरली, तर तिच्या पाठीला एक राखाडी-काळा पापुद्रा चिकटलेला. म्हणजे रंगाने पकड सोडली नव्हती. रंगाने ज्याला धरलं होतं, त्यानेच पोलाद सोडलं होतं.

तो पापुद्रा आला कुठून? प्लेट लेझरवर कापायला दिली तेव्हा मशीनवरच्या कन्नड पोराने मला सरळ विचारलं होतं, "ऑक्सिजनो, नायट्रोजनो, गाळिनो?" गाळी म्हणजे कन्नडात हवा. आमच्याकडे मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात, त्यामुळे प्रश्न कळला नाही म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, "स्वस्त असेल तो मार." सहा मिलिमीटरची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेट, त्याने ऑक्सिजन मारला. त्याची काहीच चूक नव्हती. चूक माझ्या समजुतीत होती: लेझर कापतो उजेडाने, वायू फक्त कचरा उडवायला असतो, असं मी धरून चाललो होतो.

ते तसं नाही. उजेड धातूला तापवतो, एवढंच. तापलेल्या पृष्ठभागाचं पुढे काय होणार, लोखंड काळं पडणार की पांढरं राहणार, टायटॅनियम सोनेरी होणार की निळं, हे बरंचसं त्यावर टेकलेला वायू ठरवतो.

कल्हईवाले मामा

हे कळायला लेझरच हवा असं नाही. लहानपणी शहापूरच्या आमच्या गल्लीत कल्हईवाले मामा यायचे. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, कोळसा फुलवायचा, पितळेचं पातेलं चांगलं तापवायचं. मग चिमूटभर नवसागर आत टाकला की भसकन पांढरा धूर निघायचा, नाकात झिणझिण्या यायच्या, आणि त्याच क्षणी मामा कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवायचे. काळपट पातेलं आतून चांदीसारखं. नवसागर न टाकता नुसतं कथील लावलं तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. मामांनी करून दाखवलं. कथलाचे मोत्यासारखे गोळे झाले आणि पातेल्यात इकडून तिकडे पळत सुटले. "धूर निघाल्याबिगर धरत न्हाई गा," मामा म्हणाले.

मामांना रसायनशास्त्राचा धडा ठाऊक नव्हता, पण काम ते तेच करत होते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलं की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. यातला दुसरा वायू तांब्या-पितळेवर बसलेला ऑक्साइडचा, म्हणजे धातू आणि ऑक्सिजन जुळून झालेला, थर खाऊन टाकतो. खाली कोरा धातू उघडा पडतो आणि कोऱ्या धातूला कथील चिकटतं. उष्णता निखाऱ्याची, पण पृष्ठभाग बदलला तो वायूने. लेझरमध्ये निखाऱ्याच्या जागी उजेड येतो, आणि मग सगळं आकड्यांनी अवाढव्य होतं.

इस्त्री सुईच्या टोकावर

आपली घरातली इस्त्री साधारण १००० वॉटची. एक किलोवॉटचा लेझर म्हणजे शक्तीच्या हिशेबाने तेवढाच. फरक असा, की इस्त्रीची उष्णता तळहाताएवढ्या पत्र्यावर पसरते आणि लेझरची ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात कोंबलेली असते. हिशेब केला तर त्या ठिपक्यावर दर चौरस सेंटिमीटरला सव्वा कोटी वॉटहून जास्त शक्ती पडते. भर उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला ०.१ वॉटच्या आसपास असतं. म्हणजे बारा कोटी उन्हं एका ठिपक्यात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मराठी वाचकाला हे माहीत असायला हवं. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. पण पत्रा कापण्याइतका दणकट लेझर ज्यातून उभा राहिला तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधणारे कुमार पटेल जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. त्या लेझरच्या नळीत कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजनही भरतात; विजेची ऊर्जा नायट्रोजनचे रेणू आधी पकडतात आणि मग शेजारच्याला देतात. तीनच वर्षांनी, १९६७ साली, इंग्लंडच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॉटच्या लेझरला ऑक्सिजनची फुंकर जोडून एक मिलिमीटरचा पोलादी पत्रा कापला. लेझरने पत्रा कापायच्या कलेत वायू मागाहून आला नाही, पहिल्या दिवसापासूनच होता.

आज उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात दिसतात ती बहुतेक फायबर लेझरची, म्हणजे काचेच्या तंतूतून उजेड काढणारी, मशीनं. त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तरंगलांबी एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, थोडी जास्त. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरची १०.६ मायक्रॉन. हा फरक महत्त्वाचा, कारण धातू हा मुळात आरसा आहे. घासलेल्या पोलादावर १०.६ मायक्रॉनचा उजेड टाकला तर नव्वद टक्क्यांहून जास्त परत फिरतो. एक मायक्रॉनच्या उजेडातला साधारण तिसरा हिस्सा आत शिरतो. तोही केसाच्या जाडीइतका खोलवर नव्हे, पृष्ठभागाच्या अगदी वरच्या काही दहा नॅनोमीटरमध्ये (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). तिथले मोकळे इलेक्ट्रॉन तो झेलतात आणि क्षणार्धात अणूंच्या जाळीला देऊन टाकतात. ती जाळी थरथरू लागते, आणि त्यालाच आपण तापणं म्हणतो.

इथेच वायूचा पहिला हात लागतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसला की आरसा मळतो, आणि मळलेला आरसा जास्त उजेड पितो. जास्त उजेड म्हणजे जास्त ताप, जास्त ताप म्हणजे आणखी ऑक्साइड. एकदा काळं पडायला लागलं की भराभर काळं पडत जातं.

थांबायला वेळ कुठे आहे?

मला बरेच दिवस एक शंका छळत होती. झोत तर सर्रकन पुढे जातो, मग वायूला धातूशी झटायला वेळ मिळतो कधी? मिनिटाला दहा मीटरच्या वेगाने झोत चालला असेल तर ०.१ मिलिमीटरच्या एका ठिपक्यावर तो जेमतेम ०.६ मिलिसेकंद थांबतो. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो.

पण वायूच्या मानाने हा वेळ भरपूर आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूवर वायूचे रेणू सेकंदाला जवळपास तीस कोटी वेळा आदळत असतात. आत्ता, तुमच्या हातातल्या मोबाइलवरही आदळतायत. म्हणजे त्या ०.६ मिलिसेकंदातही एकेका अणूला दीड लाखाहून जास्त धडका बसतात. गार लोखंडावर आदळून हे रेणू नुसते परत फिरतात. तापलेल्या, त्यातही वितळलेल्या लोखंडावर आदळले की चिकटतात, फुटतात, आत विरघळतात.

फुटण्याचं गणित मात्र प्रत्येक वायूचं वेगळं. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू दुहेरी बंधाने बांधलेत. एक मोल रेणू तोडायला ४९८ किलोज्यूल लागतात. नायट्रोजनचा बंध तिहेरी, ९४५ किलोज्यूलचा. ऑक्सिजन म्हणजे सैल गाठ, नायट्रोजन म्हणजे ओल्या सुंभाची गाठ. म्हणून हवेत चार पंचमांश नायट्रोजन असूनही उघड्यावरचं लोखंड गंजतं ते ऑक्सिजनने. आरगॉनला तर गाठच नाही. तो एकटा जीव, कुणाशी सोयरीक करत नाही. वेल्डर त्याला पसंत करतात ते त्यामुळेच.

लोखंड जळतं

आता माझ्या ब्रॅकेटकडे येऊ. दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे जळणारा लोखंडाचा कीस असतो. लोखंड बारीक आणि तापलेलं असेल तर ते लाकडासारखंच जळतं. फॅब्रिकेशनवाल्यांना हे रोजचं आहे: गॅस कटरने प्लेट आधी लालभडक करायची, मग ऑक्सिजनचा खटका दाबायचा; दाबला की प्लेट फाटत जाते. ती फाडतो तो ॲसिटिलीनचा जाळ नव्हे, जळणारं लोखंडच.

लेझर ऑक्सिजनमध्ये चालवला की तेच घडतं, फक्त बारीक रेघेत. एमएस कापताना लागणाऱ्या एकूण उष्णतेतला जवळपास निम्मा वाटा हा लोखंड जळण्यातूनच येतो. उरलेला लेझरचा. म्हणून कमी शक्तीच्या मशीनवरही जाड प्लेट ऑक्सिजनने कापता येते, आणि म्हणून ती स्वस्त पडते. शिवाय निसर्गाने एक सवलत दिली आहे: लोखंड १५३८ अंशांना वितळतं, पण त्याचा हा ऑक्साइड १३७७ अंशांनाच. त्यामुळे जळलेला माल पातळ होऊन खाली वाहून जातो.

स्टेनलेसला ही सवलत नाही. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड वितळायला २३०० अंशांच्याही वर जावं लागतं. तो पातळ होऊन वाहत नाही, खपलीसारखा अडून बसतो. साध्या गॅस कटरने स्टेनलेस का कापत नाही, याचं उत्तर एवढंच. ॲल्युमिनियमची कथा याहून वाईट: धातू ६६० अंशांना पाणी होतो आणि त्याच्यावरची ऑक्साइडची साय २०७२ अंशांपर्यंत तग धरते.

एमएसच्या कडेवरून बराचसा ऑक्साइड वाहून जातो, सगळा नाही. शेवटचा पातळ थर कडेवरच गोठतो. दिसायला गुळगुळीत, हात फिरवला तर छान वाटतो. पण ऑक्साइड आणि पोलाद गार होताना सारखे आखडत नाहीत, त्यामुळे दोघांची पकड मुळातच कच्ची. त्यावर पावडर कोटिंगचा थर घट्ट बसला. मग टेंपोने मधल्या खड्ड्यांचा प्रसाद दिला, आणि पुढचं तुम्ही वाचलंच.

तीच प्लेट नायट्रोजनने कापली असती तर काहीही जळलं नसतं. उजेडाने वितळवायचं आणि दहा ते वीस बार दाबाच्या नायट्रोजनने ते वितळलेलं ढकलून द्यायचं, एवढंच. कड पांढरी, चकचकीत. पण जळण्याची फुकट उष्णता नाही, म्हणून लेझर जास्त शक्तीचा लागतो. आणि एवढ्या दाबाने वायू सोडायचा म्हणजे सिलिंडर बघता बघता रिकामा. दरात जो फरक दिसतो तो इथला.

साबण आणि हळद

वितळलेल्या धातूच्या थेंबात आणखी एक गंमत चालते. परातीत पाणी घ्या, वर हळद भुरभुरवा आणि मधोमध साबणाचा एक थेंब सोडा. हळद झपकन कडेला पळते. साबणाने मधला पृष्ठताण कमी झाला. कडेच्या पाण्याने जास्त जोराने ओढलं.

लेझरच्या ठिपक्याखाली हेच होतं. मधला धातू सगळ्यात तापलेला, म्हणून तिथला पृष्ठताण कमी; धातू मधून कडेकडे वाहतो आणि तळं उथळ पण पसरट होतं. पण त्यात थोडा ऑक्सिजन विरघळला की खेळ उलटतो. ऑक्सिजन स्वतः साबणासारखा वागतो. कडेच्या, तुलनेने थंड भागात तो पृष्ठभागावर जमतो आणि तिथला ताण कमी करतो. प्रवाह आता कडेकडून मध्याकडे आणि मध्यात खाली. तळं अरुंद आणि खोल. धातू तोच, लेझर तोच, वायूत चिमूटभर फरक, आणि वेल्डची खोली बदलली. या प्रवाहाला इटलीच्या कार्लो मारांगोनी यांचं नाव आहे. वरच्या कातडीत शिरलेला वायू याच ढवळण्याने खोलवर पोचतो. नुसतं पाझरत बसला असता तर एवढ्या थोड्या वेळात तो फार आत गेला नसता.

सोनं न वापरता सोनेरी

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग टायटॅनियमचा. हत्तरगीजवळच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे भाग बनू लागल्यापासून आपल्या भागातल्या पोरांच्या तोंडीही हा शब्द आला. हलका, दणकट, गंजत नाही. एक मोठा दोष: घासाघाशीत तो टिकत नाही. धातूवर धातू फिरला की टायटॅनियम लोळतो, चिकटतो, ओरबाडला जातो. त्याचा शाफ्ट करून नुसता बुशमध्ये घालता येत नाही.

मघाशी नायट्रोजनला ओल्या सुंभाची गाठ म्हटलं. टायटॅनियम ती गाठ सोडवतो. तापवला तर तो शुद्ध नायट्रोजनमध्येसुद्धा जळतो; फार थोडी मूलद्रव्यं हे करू शकतात. तेव्हा जो नायट्रोजन स्टेनलेसच्या कडेला सांभाळतो, तोच टायटॅनियमवर राखण करायला ठेवला तर चोर निघतो. टायटॅनियमच्या वेल्डला आरगॉनच लागतो.

पण हाच चोर कामाला लावता येतो. १९८०च्या दशकापासून हे तंत्र अभ्यासलं गेलं आहे. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा झोत सोडायचा आणि लेझरने तोच भाग वितळवत पुढे जायचं. १६६८ अंशांना टायटॅनियम वितळतो, नायट्रोजन त्यात शिरतो आणि टायटॅनियम नायट्राइड तयार होतं. हे नायट्राइड वितळायला २९०० अंशांच्या वर ताप लागतो, म्हणून तळं गार होऊ लागलं की सगळ्यात आधी तेच गोठतं. तेही गोळा होऊन नाही, फांद्या फुटत. सूक्ष्मदर्शकाखाली कापून पाहिलं तर पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्याला दगडांवर उगवणाऱ्या नेच्यासारखं दिसतं: मधली दांडी, तिला दोन्हीकडे पानं. नायट्राइडच्या फांद्या आणि मधल्या फटीत मऊ टायटॅनियम. वरून रंग सोनेरी.

कठीणपणाच्या विकर्स मोजपट्टीवर विमानात वापरायचा नेहमीचा टायटॅनियम मिश्रधातू ३५०च्या आसपास येतो. शुद्ध टायटॅनियम नायट्राइड २०००च्या घरात. लेझरने केलेला थर या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, फांद्या किती दाट त्यावर. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल मिळतात, त्यांच्यावरही टायटॅनियम नायट्राइडच असतं. निदान चांगल्यांवर असतं. काहींवर नुसताच सोनेरी रंग. पण ड्रिलवरचं नायट्राइड म्हणजे वरून चढवलेला दोन-चार मायक्रॉनचा लेप. लेझरचा थर मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत खोल असतो आणि तो लेप नसून त्याच धातूचं बदललेलं रूप असतं. त्यात सांधा नाही, म्हणून पापुद्रा सुटायचा प्रश्न नाही. माझ्या ब्रॅकेटच्या नेमकी उलट अवस्था.

अडचण एकच, पण मोठी. नायट्राइड ठिसूळ. गार होताना वरचा थर आखडू पाहतो, खालचा गार धातू त्याला आखडू देत नाही, आणि मार्चमधल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. यावर उपाय म्हणजे दुधात पाणी घालणं: नायट्रोजनमध्ये आरगॉन मिसळायचा. नायट्राइड कमी बनतं, कठीणपणा थोडा उतरतो, भेगा घटतात. किंवा मूळ तुकडाच काही शे अंशांपर्यंत आधी तापवून घ्यायचा. किती आरगॉन, किती ताप, झोताचा वेग किती, सगळी कसरत या तिघांची. नायट्रोजनऐवजी मिथेनसारखा कार्बनवाला वायू सोडला तर कार्बाइड बनतं, तेही दगडासारखं. पण हवेचा एक झुळका जरी आत आला तरी ऑक्सिजन मधेच हात मारतो, आणि त्याने टायटॅनियम ठिसूळ होतो; म्हणून सगळं बंद पेटीत किंवा वायूच्या दाट पडद्याखाली.

लोखंडात नायट्रोजन घालणं इतकं सोपं नाही. शेडमध्ये आपण "नायट्रायडिंगला टाकलंय" म्हणतो ते गिअर आणि शाफ्ट भट्टीत पाचशे-सव्वापाचशे अंशांवर दहा-वीस नव्हे, कधीकधी त्याहून जास्त तास पडून असतात, आणि भट्टीत नायट्रोजन नसतो, अमोनिया असतो. कारण पुन्हा तीच गाठ: त्या तापाला लोखंड नायट्रोजनचा रेणू सहजी फोडू शकत नाही, अमोनियाचा सहज फोडतं. वितळलेलं लोखंडसुद्धा १६०० अंशांना जेमतेम ०.०४५ टक्के नायट्रोजन पोटात घेतं. तरीही जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात १९९०च्या दशकात साध्या नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या लोखंडावर अतिनील लेझरचे काही दहा नॅनोसेकंदांचे (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) ठोके मारून याच्या कितीतरी पट नायट्रोजन आत घातला गेला. एवढ्या थोड्या वेळाचा ठोका इतका जबर असतो, की धातूची वाफ आणि वरचा वायू मिळून प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला तप्त वायू, होतो, रेणू फुटतात, दाब प्रचंड वाढतो, आणि नायट्रोजन परत बाहेर पडायच्या आत लोखंड गोठून दार लावून घेतं.

भांड्यावरचं नाव

पूर्वी लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायला बाजारात एक माणूस बसलेला असायचा, हातात टकटक करणारी विजेची लेखणी, आणि पातेल्याच्या काठावर ठिपक्यांची ओळ, "चि. सौ. कां." पासून तारखेपर्यंत. आता बऱ्याच दुकानांत वीस वॉटचं छोटं फायबर लेझर मशीन असतं. वीस वॉट म्हणजे ट्यूबलाइटएवढं. पण ते सलग पेटत नाही, सेकंदाला वीस हजार ठोके मारतं. एकेक ठोका साधारण शंभर नॅनोसेकंदांचा धरला तर त्या क्षणापुरती शक्ती दहा किलोवॉट होते.

ठोके जोरात मारले तर स्टील उडून खड्डा पडतो. हलके, एकमेकांवर चढत मारले तर स्टील उडत नाही, नुसतं तापतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन काळं होतं. आणि नेमकी मात्रा साधली तर पिवळा, जांभळा, निळा, हिरवा. त्यात रंग म्हणून काही टाकलेलं नसतं. पावसात डांबरावर सांडलेल्या पेट्रोलचे जे रंग दिसतात, तीच करामत: ऑक्साइडच्या थराच्या वरून परतणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांची गाठ पडते, काही रंग एकमेकांना मारतात, काही उजळतात. कुठला रंग दिसेल हे थराच्या जाडीवर. ही जाडी काही दहा ते काही शे नॅनोमीटर. केसाची जाडी सत्तर हजारांच्या आसपास.

लोहाराला हे फार आधीपासून माहीत आहे. विळ्याला पाणी दिल्यावर तो पुन्हा हलका शेकतो आणि पात्याचा रंग बघत बसतो. फिकट पिवळा आला म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा आला म्हणजे तीनशेच्या. थर्मामीटर म्हणून तो ऑक्साइडच वाचत असतो.

एक सावधगिरी. स्टेनलेस न गंजण्याचं कारण त्यावरचा क्रोमियमचा अदृश्य पडदा. लेझरने रंग काढताना क्रोमियम वर ओढलं जातं आणि खालचा थर त्यात गरीब होतो. घासणीने वरचं खरवडलं गेलं की नेमक्या नावाच्या ओळीवर तांबूस ठिपके येतात. दुकानदार म्हणतो स्टील हलकं निघालं. बऱ्याचदा स्टील चांगलंच असतं.

गाळी

राहिला तिसरा पर्याय, मशीनवरच्या पोराने शेवटी विचारलेला. कॉम्प्रेसरची हवा. ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, आणि विकत घ्यावी लागत नाही. पातळ पत्र्यावर ती बरी चालते. कड किंचित पिवळसर-राखाडी येते. मात्र बेळगावचा जुलै. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना बुरशी. कॉम्प्रेसर ही हवा दाबतो तेव्हा तिच्यातलं पाणीही दाबलं जातं, आणि ड्रायर नीट नसेल तर ते थेट नोझलपाशी. लेन्सवर धुकं येतं, त्यावर झोत पडून लेन्स तडकते. त्यापलीकडे, वितळलेल्या धातूवर पाण्याची वाफ म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघांनाही आमंत्रण. ॲल्युमिनियमच्या वेल्डमध्ये त्या हायड्रोजनची बारीक छिद्रं पडतात.

वायू किती शुद्ध हाही प्रश्न आहेच. ९९.५ आणि ९९.९५ टक्के ऑक्सिजन कागदावर सारखाच वाटतो, पण कापण्याच्या वेगात फरक पडतो: जळण्यात भाग न घेणारे रेणू कापाच्या फटीत साचतात आणि वाट अडवतात.

आणि जिवाचं. फायबर लेझरचा उजेड दिसत नाही, म्हणून डोळा मिटत नाही, आणि तो सरळ पडद्यापर्यंत जाऊन जाळतो. साध्या गॉगलने काही होत नाही. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचं विषारी रूप असतं. जस्त चढवलेल्या पत्र्याचा धूर घेतला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. बंद खोलीत नायट्रोजन गळत राहिला तर वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ खाली बसतो. एक्झॉस्ट फॅनच्या नावाने पैसे वाचवू नयेत.

ब्रॅकेटचं काय केलं? सगळा रंग काढला, कडा ग्राइंडरवर पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, पुन्हा कोटिंग. दोन पोरं चार दिवस तेच करत बसली. पुढच्या खेपेला चलनावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं: "रंगकाम आहे. नायट्रोजन." मशीनवरच्या पोराने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रेट जास्त आगुत्तदे, सर." मी म्हटलं, होऊ दे.